फळ्यावरची बारावी खेळाडू

अमेरिकन फुटबॉलमध्ये मैदानावर एका बाजूला अकरा जणी असतात. त्यातली एक क्वार्टरबॅक. चेंडू तिच्या हातात येतो, तो कुणाकडे फेकायचा हे तिनं दोन-तीन सेकंदांत ठरवायचं, आणि बाकीच्या दहा जणींनी काय करायचं तेही आधी तिनंच सांगायचं. माझी मुलगी मेलबर्नच्या क्लेटन भागात युनिमध्ये, म्हणजे विद्यापीठात, शिकत होती आणि तिथल्या संघात तीन वर्षं याच जागेवर खेळली. मेलबर्नमध्ये असला खेळ चालतो, हेच पुण्यातल्या नातेवाइकांना खरं वाटत नाही.

गेल्या वर्षी बायकांची नवी स्पर्धा निघाली. संघ पाळीपाळीने खेळाडू निवडणार होते, म्हणजे ड्राफ्ट. क्वार्टरबॅकची जागा एकाच संघात रिकामी होती आणि तिच्यासाठी दोघी उरल्या होत्या: माझी मुलगी, आणि एक उंच, मोठ्या आवाजाची मुलगी. माझ्या मुलीचं युनिचं ते शेवटचं वर्ष होतं. इथे निवड झाली नाही तर ही जागा पुन्हा मिळणार नाही, हे तिला आणि मला, दोघांनाही माहीत होतं.

आधी मापं घेतली. उंची, धाव, मग ताणलेल्या हाताचं अंगठ्यापासून करंगळीपर्यंतचं अंतर. ते कशाला, असं मी विचारलं, तर हात मोठा असला की ओल्या चेंडूवर पकड राहते म्हणाले. राहत असेल. त्या दिवशी चेंडू कोरडा होता आणि मी कडेला उभा राहून मोजत होतो. माझ्या मुलीच्या दर दहा फेकींपैकी सात झेलल्या जात होत्या, दुसरीच्या पाच. माझ्या मुलीचा हात लहान आहे हे त्यांनी लिहून घेतलं. झेल कुणी लिहिले नाहीत.

शेवटी क्लबच्या खोलीत मुलाखत. पालक मागे प्लास्टिकच्या खुर्च्यांवर, पुढे निवड करणारे तिघे. त्यांचा मुख्य कोच माझ्याच वयाचा, हसरा माणूस. त्याने फळ्यावर डाव काढला, आपल्या खेळाडूंसाठी गोल, समोरच्यांसाठी फुल्या, आणि चेंडू कुणाला देशील असं विचारलं.

गोल बारा होते. मी दोनदा मोजले. उजव्या कोपऱ्यातला जास्तीचा होता. माझ्या मुलीची नजर तिथे थांबली, मग पुढे सरकली. तो गोल सोडून, उरलेल्या अकरा जणींत डावीकडे चेंडू कसा जाईल, ते तिनं हळू आवाजात पण चोख सांगितलं.

कोच म्हणाला, "उजवीकडची मोकळी आहे की. ती दिसली नाही तुला?"

"सॉरी," ती म्हणाली, "माझं लक्ष गेलं नाही."

ती बाहेर गेली, दुसरी आत आली. फळा तसाच होता. दुसरीनं सरळ उजव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं आणि ही एकदम मोकळी आहे म्हणाली. मोकळी असणारच. अकरा फुल्या अकरा गोलांना अडवून संपल्या, बारावीला अडवायला कोण उरणार? तिघेही खूश झाले. हिला मैदान दिसतं, असं त्यातला एक म्हणाला.

नावं संध्याकाळी जाहीर व्हायची होती. कोच गाडीत सामान ठेवत होता तेव्हा मी त्याला गाठून बाराव्या गोलाचं सांगितलं. तो थांबला, मनातल्या मनात मोजलं असावं, मग हसला.

"बारा? असतील, मित्रा. पण मग तिनं मला तिथंच अडवायला हवं होतं ना. क्वार्टरबॅकचं कामच ते."

दुसरीनं तरी कुठे अडवलं, असं मी विचारलं.

"तिला ते दिसलंच नाही. पण तिचा रुबाब बघ की."

संध्याकाळी दुसरीचं नाव आलं. माझ्या मुलीला एका लांबच्या संघानं झेल घेणाऱ्यांत जागा देऊ केली. तिनं नको म्हणून कळवलं.

जेवताना मी तिला विचारलं, दिसलं होतं तर बोलली का नाहीस.

"सगळ्यांसमोर त्याची चूक काढायची?" ती म्हणाली. "तू तरी कुठे काढलीस, बाबा? तो पार्किंगमध्ये एकटा असताना सांगितलंस."

आत बोललो असतो तर आपल्याला उद्धट म्हणाले असते, असं मी म्हणालो.

"म्हणू देत ना. निदान त्यांनी फळ्यावरचे गोल तरी मोजले असते."

त्या दिवसानंतर तिनं चेंडू हातात घेतलेला नाही.