दोन पिशव्या, दोन चिठ्ठ्या

मित्रमैत्रिणींनो, हे लिहिताना हात अजून गार आहेत.

इथे जर्मनीत, वोल्फ्सबुर्गजवळ एक उत्खनन चालू आहे. दर शनिवारी मी तिथे मदतीला जाते. प्राचीन काळी तिथली माणसं तापवलेले दगड खड्ड्यातल्या पाण्यात टाकून पाणी उकळायची. तडकलेल्या दगडांचा आणि कोळशाचा मोठा ढीग शेजारीच आहे.

आज मी कोळशाच्या दोन पिशव्या भरल्या. एक खड्ड्याच्या तळातली, दुसरी ढिगातली. थर्मासमधला चहा आधी पिऊ, चिठ्ठ्या नंतर लावू, म्हटलं. परत आले तर कुठली पिशवी कुठली, आठवेना. मी अंदाजाने चिठ्ठ्या लावल्या.

चिठ्ठ्या बघून आमची प्रमुख बिर्गिट म्हणाली, "सुपर!" सोमवारी पिशव्या प्रयोगशाळेत जाणार. तळातल्या कोळशावरून खड्ड्याचं वय ठरणार.

घरी नवरा हसला. "अगं, हजारो वर्षं कुणी विचारलं नाही, आता कोण विचारतंय?"

मला भीती त्याचीच वाटली. कुणी विचारणार नाही आणि माझा अंदाज खरा म्हणून छापला जाईल.

शेवटी बिर्गिटला सगळं लिहून पाठवलं. तिने वाचलंय. वीस मिनिटं झाली, उत्तर नाही.

तुम्ही सांगितलं असतंत?