बैलांची मुसकी

काल पुतण्याने उभा ताग ट्रॅक्टरने मातीत गाडला. चिरडलेल्या पाल्याचा तो ओला, तुरट वास आला आणि मी पुन्हा परकर नेसणारी मुलगी झाले.

त्या साली वडिलांनी ज्वारीच्या आधी रानात हुलगा पेरला होता, तोही खत म्हणून नांगरून गाडण्यासाठी. वैरणीची टंचाई असताना गुडघाभर हिरवा हुलगा मातीत घालायचा, हे आईला पटेना. आम्ही दोघी न्याहारी घेऊन गेलो तेव्हा नांगर सुरू होता. पाल्याला तोंड लावू नये म्हणून वडिलांनी बैलांना सुतळीची मुसकी बांधली होती. पायांत येणारा चारा ते नुसता हुंगत चालले होते.

आई नांगरापुढे आडवी उभी राहिली.

"औंदा रानाला जेवू घालतोय," वडील म्हणाले.

"घाला की. पण बैलांनी काय घोडं मारलंय?"

"त्यांनी खाल्लं तर रानाला काय ऱ्हाईल?"

"खाल्लेलं शेण होऊन हितंच पडतंय न्हवं?" असं म्हणत तिने मुसकी सोडलीसुद्धा.

मग नांगरट रखडली. नांगराच्या दर फेरीला बैल थांबून घास ओढत, आणि वडील चाबूक खांद्यावर टाकून निवांत उभे राहत. पुढे थंडीत त्या रानातल्या ज्वारीत मी शिरले तर कुणाला दिसत नसे.

आईने वडिलांना हरवलं, असंच मी कितीतरी वर्षं समजत होते. पण वडिलांनी मारलेली गाठ एरवी दातांनीही सुटत नसे. त्या सकाळी मुसक्यांची गाठ आईच्या एका ओढीत सुटली होती.