रामाकोन्याची तोफ

माझ्या धाकट्या मावशीला रामाकोन्यात सगळे 'तोफ' म्हणत. समोर कोण आहे हे न बघता ती बोलायची. रेशनच्या रांगेत कोणी मध्ये घुसला, तर त्याला दंडाला धरून मागे नेऊन उभं करायची आणि वर विचारायची, "लय घाई होऊन राहिली का?"

गावाबाहेरच्या दगड फोडून गिट्टी करणाऱ्या क्रेशरवर ती वर्षानुवर्षं यंत्रात दगड टाकत होती. संध्याकाळी घरी यायची तेव्हा पापण्यासुद्धा पांढऱ्या झालेल्या असत. दगडावर पाणी मारलं की धूळ दबते, हे तिथे सगळ्यांनाच ठाऊक होतं. बोअर होता, पाइप होता. पण ते पाणी शेजारच्या संत्र्याच्या बागेत जायचं. बागही क्रेशरच्या मालकाचीच. मावशीनं पाणी मागितलं, तर त्यानं गूळ वाटला. गुळानं छाती साफ होते म्हणे. मावशीनं तो खडा त्याच्या हातात परत ठेवला.

"शेठ, हा तुमच्या पोराले द्या. अन् त्याले इथं दिवसभर उभं करा."

काही दिवस तिला कामावर घेतलं नाही. दुसरं काम मिळेना, म्हणून तिला परत तिथंच जावं लागलं.

मग खोकला लागला. टीबीच्या गोळ्या झाल्या, पुन्हा एकदा झाल्या, आणि ती वाळतच गेली. शेवटी मी पांढुर्ण्याहून गाडीनं तिला नागपूरला नेलं. एक्स-रे पाहून डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काम काय करता? तोवर हे कोणीच विचारलं नव्हतं. आजही ते आठवलं की माझं डोकं फिरतं. दगडाची बारीक धूळ फुप्फुसात रुतून बसते, तिथे व्रण धरतात, फुप्फुस कडक होत जातं; ते मऊ करणारं औषध नाही, असं त्या म्हणाल्या. परतताना मावशीनं पिशवीतली टीबीच्या गोळ्यांची पाकिटं काढून बघितली. मग म्हणाली, "म्हंजे त्या गोया फुकटच गिळल्या."

पुढच्या उन्हाळ्यात ती भिंतीला टेकून, बसल्या बसल्याच गेली. आडवं झालं की श्वास मिळत नसे.

तेरवीला मालक आला. मौसाजी, म्हणजे मावशीचे यजमान, सवयीनं उठून हात जोडू लागले, तेव्हा मला त्या सवयीचाच संताप आला.

"बाई मेहनती होती," मालक म्हणाला. "टीबीनं नेली."

"टीबी नव्हता," मी म्हणालो. "तुमची धूळ होती."

त्यानं चहाचा घोट घेतला. "बाकीच्या बाया बी तिथंच काम करून राहिल्या. त्यायले काई झालं का?"

त्या बाया मागे ओट्यापाशीच बसल्या होत्या. त्यांतली एक, आता मावशीच्या जागी दगड टाकणारी, तोंडात पदराचा बोळा कोंबून थरथरत होती. मला वाटलं, रडते आहे. ती खोकला दाबत होती. मालकासमोर खोकलेल्या बाईला दुसऱ्या दिवशी काम मिळत नाही.