गुरुवारी शैला परळला जायची

बोंबीलला उकडलेली कोंबडी भरवत होते, तेवढ्यात माहीमहून शैलाच्या धाकट्या भावाचा फोन आला. "ताई गेली." मी विचारलं, "कुठे?"  तो हळूच म्हणाला, "म्हणजे तिने तुम्हाला काहीच सांगितलं नव्हतं?"

नव्हतं. गिरगावात एकाच मजल्यावर तीस वर्षं राहिलो. माझे यजमान गेले तेव्हा तेरा दिवस शैला माझ्या घरी झोपली होती. तिच्या मरणाची मात्र मला फोनवर खबर.

बोंबील हा तिचा फेरेट. भाची परदेशी जाताना ठेवून गेली. लांबुडका, पांढुरका, चाळीतले लोक त्याला मुंगूसच म्हणत. गेल्या वर्षी तो चालता चालता मागचे पाय टाकून बसू लागला, लाळ गाळू लागला. परळच्या प्राण्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, स्वादुपिंडात गाठ आहे, इन्सुलिनोमा. ती गाठ इन्सुलिन सोडत राहते आणि रक्तातली साखर घसरते. ऑपरेशन त्याला झेपेलसं वाटेना, म्हणून दिवसातून दोनदा स्टेरॉइडचं औषध आणि दर चार तासांनी मांसाचं खाणं. फळ नाही, बिस्किट नाही. "साखर दिलीस की गाठ आणखी चेकाळते गं," शैला बजावायची. "मध फक्त कोसळला तर. हिरड्यांना चोळायचा, घशात ओतायचा नाही. आणि सावरला की लगेच मांस." हे सगळं तिने माझ्याकडून पुन्हा पुन्हा करून घेतलं. शाळेत विज्ञान शिकवायची ना... मला वाटलं, सवयच आहे तिची.

दर गुरुवारी बोंबीलला माझ्याकडे ठेवून ती त्याच्या औषधासाठी म्हणून परळला जायची. परळला माणसांच्या कॅन्सरचंही इस्पितळ आहे, हे मला काय ठाऊक नव्हतं? ती वाळत चालली, तेव्हा मीच तिला झापलं, "एका जनावरापायी स्वतःच्या जेवणाची आबाळ करतेस!" ती हसली. मागच्या महिन्यात "भावाकडे आठ दिवस जाऊन येते" म्हणून गेली, ती गेलीच.

नंतर बोंबीलला घेऊन डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, "यापुढे तुम्ही याल, असं बाई सांगून गेल्या होत्या." म्हणजे त्यांनाही माहीत होतं! भावाला विचारलं, तर म्हणाला, "तुमच्याकडे चहाला बसल्यावर तरी आजारी असायचं नव्हतं तिला." मला ते कळतं. पण तिने जनावर माझ्या हवाली केलं, स्वतःला नाही. तिचं डोकं चेपायला, तिच्या तोंडात पाणी घालायला मी चालले नसते?

परवा दुपारी बोंबील कोसळला. हिरड्यांना मध चोळला. पाचेक मिनिटांनी त्याने मान उचलली आणि खिमा चाटायला लागला. मी तशीच गॅलरीतून धावत गेले, शैलाचं दार ठोठावलं. "अगं शैला, उठला तो! खातोय!"

दाराला कुलूप होतं. मी पुन्हा एकदा ठोठावलं, या वेळी रागाने.