साडूबुवांचा जपान

उद्या जपानमधून जपानी संस्कृती नाहीशी झाली, तरी ती एका माणसाच्या ठायी अखंड राहील, असं मी पूर्ण जबाबदारीने सांगू शकतो. तो माणूस म्हणजे माझे साडू. ते मूळचे नागपूरचे, बिऱ्हाड मस्कतला दार्सैतमध्ये, आणि जपानात ते एकूण सव्वा वर्ष राहिले होते. मस्कतच्याच रुवी भागातल्या ज्या पंपांच्या कंपनीत ते इंजिनिअर होते, तिने नव्वदच्या दशकात त्यांना तिकडच्या कारखान्यात शिकायला धाडलं होतं. बुद्धाला मानणाऱ्या देशात राहून मुलगा जरा शांत होऊन येईल, अशी त्यांच्या आईची समजूत होती. मुलगा सपाता घेऊन आला.

या सपाता संडासाच्या. हिरव्या रंगाचा तो जोड संडासात आतच राहायचा. घरातल्या सपाता दाराबाहेर काढायच्या, आत शिरताना हिरव्या घालायच्या, निघताना पुन्हा बदलायच्या. आमच्यापैकी कोणी विसरून हिरव्या सपातांनिशी दिवाणखान्यात आला, की साडूबुवा ताटावरून उठून ओरडत, "तिथेच थांबा! गालिच्यावर पाय ठेवू नका!" स्वतः त्यांनी हीच चूक जपानात, साहेबाच्या घरी केली होती. अख्खी संध्याकाळ ते त्या सपाता घालून जेवले, आणि घरातलं कोणी चकार शब्द बोललं नाही. निघताना दारात त्यांच्या स्वतःच लक्षात आलं. "पाहुण्याला त्याची चूक कळू द्यायची नाही, याला संस्कृती म्हणतात," असं ते गहिवरून सांगत. मी एकदा विचारलं, "मग आमच्यावर का खेकसता?" ते म्हणाले, "तुम्ही पाहुणे आहात का?"

टेलिफोनवर बोलताना ते कमरेत वाकून नमस्कार करत. एकदा घरमालकाला भाडं उशिरा देण्याबद्दल असा काही खोल नमस्कार केला, की कपाळ खिडकीतल्या एसीवर आपटलं. घरमालकाला ते दिसलं नाही, असं मी म्हटलं, तर म्हणाले, "त्याला दिसावं म्हणून केला नव्हता." दार्सैतच्या घरात राहायला आले तेव्हा जपानी रीतीप्रमाणे त्यांनी इमारतीत घरोघरी एकेक टॉवेल वाटला. खालच्या मजल्यावरचे रत्नागिरीकडचे चाचा टॉवेल उलटापालटा करून बघू लागले. मग म्हणाले, "टुवाल कशाला हो? आमी आंगोल करत नाय, असा कोण बोलला तुमाला?" कचरा ते तीन पिशव्यांत वेगळा करत आणि तिन्ही पिशव्या कोपऱ्यावरच्या एकाच पिंपात टाकून येत, कारण पालिकेने तिथे पिंप एकच ठेवलं होतं. मग डोंगरावरून उतरलेल्या बकऱ्या येऊन पिशव्या फोडत. "भाऊजी, कोणासाठी करता हे?" माझ्या बायकोने विचारलं. "मी माझं केलं. पुढचं पालिका बघेल, नाहीतर बकऱ्या." बकऱ्या बघतच होत्या. कागद-पुठ्ठ्यांची पिशवी त्या सगळ्यात आधी फोडत.

जेवताना आपला पेला आपण भरायचा नाही, शेजाऱ्याचा भरायचा, हीही तिकडचीच रीत. आपल्याकडे पेला रिकामा करणं हे सभ्यपणाचं, त्यांच्याकडे रिकामा दिसला की भरणं. त्यामुळे त्यांच्या पंगतीला बसलेला माणूस लबान पिऊन पिऊन, म्हणजे इथलं घट्ट ताक पिऊन पिऊन, टम्म फुगायचा. साडूबुवांचा पेला मात्र कोरडा, कारण तो भरायचं आम्हा कोणाला सुचतच नसे. सुचवणं त्यांच्या नियमात बसत नव्हतं. जेवण झाल्यावर ते स्वयंपाकघरात जाऊन गुपचूप नळाचं पाणी पीत.

पुढे काही वर्षांनी त्या जपानी कारखान्याचा एक साहेब मस्कतला आला. रुवीच्या कंपनीतला एक इंजिनिअर दोन वर्षांसाठी तिकडे न्यायचा होता, आणि तो कोण, हे हा साहेब ठरवणार होता. साडूबुवांनी परत जायचा ध्यास घेतला होता. आमची चेष्टा, मेव्हणीचा त्रागा, बकऱ्या, हे सगळं त्यांनी त्याच एका आशेवर अंगावर घेतलं होतं. त्यांनी साहेबाला सातला जेवायला बोलावलं आणि साक्षीला आम्हालाही. सहापासून ते दाराशी उभे.

साहेब पावणेआठला आला. जपानी खरा, पण दुबईत मुरलेला माणूस. उशिराबद्दल "ट्रॅफिक" म्हणाला, साडूबुवांच्या नमस्काराला हात हलवून उत्तर दिलं, स्वतःचा पेला स्वतःच भरला, आणि बिर्याणी हाताने खात अरबी थाटात "यल्ला, यल्ला" करत आणखी मागितली. मग हात धुवायला संडासातल्या बेसिनवर गेला, आणि बाहेर आला तो हिरव्या सपाता घालून. थेट गालिच्यावर.

आम्ही सगळे साडूबुवांकडे पाहू लागलो. त्यांची मुलगी, आठवीतली, इंग्रजी शाळेतली, तिला राहवेना. "पप्पा, अंकलने ना, टॉयलेटचं स्लिपर..."

"पापड हवाय का तुला?" साडूबुवा शांतपणे म्हणाले, आणि साहेबाचा पेला भरला. साहेब आणखी तासभर त्या सपाता घालून बसला. तासभर त्यांच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही.

पुढच्या आठवड्यात निकाल लागला. साहेबाने दुसऱ्याच, केरळच्या एका इंजिनिअरला निवडलं. मालकाने, म्हणजे अर्बाबने, साडूबुवांना बोलावून मित्रासारखा खांद्यावर हात ठेवला. "सदीक, वो बोला, ये आदमी तो पहले से जपानी है. इसको उधर भेजके क्या सिखाएगा? खलास."

सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्याकडे गेलो, तेव्हा त्यांनी हे मान ताठ करून सांगितलं. "ऐकलंत? मला शिकवण्यासारखं जपानकडे काही उरलेलं नाही."

"तो माणूस टॉवेलालाही लायक नव्हता," मी म्हणालो.

"पाहुणा होता," ते म्हणाले. मग उठून खिडकीशी गेले. हिरव्या सपाता धुऊन कठड्यावर वाळत घातल्या होत्या.

जेवायला बसलो. मी येताना रुवीहून लबानची बाटली आणली होती. आयुष्यात पहिल्यांदाच, त्यांच्या आधी, मी त्यांचा पेला काठोकाठ भरला. त्यांनी पेला दोन्ही हातांनी उचलला, मान लववली, आणि सावकाश सगळा रिकामा केला. "वा," म्हणाले.

मग त्यांनी माझा पेला भरला आणि मी एक घोट घेतला. बाटली दुपारभर गाडीत उन्हात राहिली होती. लबान पार नासलेलं होतं.