बघायला आलेला माणूस

“खात्री आहे, की अंदाज?”

हे विचारताना ताई उजवा तळवा पुढे धरायच्या, समोरच्याचं वाक्य रस्त्यातच अडवल्यासारखा. भाजीवाला म्हणाला भेंडी कोवळी आहे, रिक्षावाला म्हणाला पुढे रस्ता बंद आहे, की तळवा पुढे. अंबरनाथला आमच्या भागात बरेच जण त्यांना लांबून पाहून रस्ता बदलायचे. तुमच्याही गल्लीत असं कोणी असेल तर पळू नका, एवढं सांगायला मी हे लिहिते आहे.

ताईंनी उल्हासनगरच्या एका शाळेत निवृत्त होईपर्यंत गणित शिकवलं. तिथल्याच कॅम्प एक भागात त्यांचा एक जुना सिंधी विद्यार्थी कापडाचं दुकान चालवतो. आता तो स्वतः आजोबा झाला आहे. एकदा मी ताईंबरोबर तिथे पडद्याचं कापड घ्यायला गेले होते.

“टीचर, ये देखो. रंग एकदम पक्का. धुवून धुवून थकाल.”

“खात्री आहे, की अंदाज?”

त्यानं तागा स्वतःच गुंडाळायला घेतला. “अंदाज, टीचर. आप वो नीलावाला ले लो.”

मी बारवी धरणाकडच्या खेड्यातली. लग्न होऊन अंबरनाथच्या बुवापाड्यात आले आणि घरातून पोळी-भाजीचे डबे द्यायला लागले. ताई एकट्या राहायच्या, त्यांचा डबा माझ्याकडून जायचा. ओळख तेवढीच होती. मग माझ्या नवऱ्याला कंपनीत अपघात झाला. हॉस्पिटलात सगळे मला धीर देत होते. सासरचे म्हणायचे, होईल बरा. डॉक्टर म्हणायचे, प्रयत्न चालू आहेत. डबा का आला नाही हे विचारत ताई तिथे पोचल्या आणि माझ्यासमोरच त्यांनी डॉक्टरांना विचारलं, “हा वाचणार आहे का? हिला खरं सांगा.”

डॉक्टरांनी मान हलवली. नाही.

माझी नणंद ताईंच्या अंगावर धावून गेली. “तुमच्या जिभेला काही हाड?”

“आहे म्हणूनच विचारलं,” ताई म्हणाल्या.

त्यानंतर मी नवऱ्याजवळून हलले नाही. तो मधूनमधून शुद्धीवर यायचा. मी मुलीला घेऊन आले, त्याला जे सांगायचं होतं ते सांगितलं, त्याचं ऐकून घेतलं. माझ्यासारख्या बायका भेटतात, तेव्हा म्हणतात, शेवटचं बोलायचं राहूनच गेलं. माझं राहिलं नाही. ते ताईंमुळे.

अशा बाईच्या स्वतःच्या घरात मात्र सगळा कारभार अंदाजावर चालला होता, हे मला फार उशिरा कळलं.

त्यांची इमारत जुनी होती. पावसाळ्यात जिन्यात बादल्या ठेवायला लागायच्या. सगळे रहिवासी ती पाडून नवीन बांधायला तयार होते, फक्त ताई सही करत नव्हत्या. लोकांना वाटायचं, म्हातारी जास्त जागेसाठी अडून बसली आहे. खालच्या मजल्यावरचे काका मला जिन्यात गाठून म्हणाले, “तुमचं ऐकतात त्या. सांगा त्यांना, आमच्या डोक्यावर स्लॅब पडल्यावर सही करून काय उपयोग?”

मी डबा देता देता सरळ विचारलं, “ताई, का अडून बसलाय?”

त्यांनी भिंतीवरच्या फोटोकडे बोट केलं. विमानदलाच्या गणवेशातला, दाट भुवयांचा एक तरुण. मी इतकी वर्षं तो फोटो बघत होते. ताईंचे वडील असतील तरुणपणीचे, असं मी धरून चालले होते.

“हा माझा दादा. लढाऊ विमान चालवायचा. एकाहत्तरच्या लढाईत गेला तो आलाच नाही.”

आधी बेपत्ता म्हणून तार आली. सगळ्यांना वाटलं, कैदी झाला असेल, सुटून येईल. कैदी सुटले, हा आला नाही. पुढे सरकारी कागद आला, ‘मृत समजण्यात येत आहे’ असा. त्यांच्या आईनं त्यातलं ‘समजण्यात’ तेवढं धरून ठेवलं. नक्की माहीत नाही, मग तो येणार. येईल तर ह्याच पत्त्यावर येईल. वडील इथल्या कारखान्यात अधिकारी होते, त्यांना निवृत्तीनंतर गावी जाऊन राहायचं होतं. तेही आईच्या हट्टापायी राहिलं. वडील गेले, मग आई गेली. जाताना तिनं ताईंकडून कबूल करून घेतलं, की दादाचं काय झालं ते कळल्याशिवाय हे घर सोडायचं नाही.

“मग कळवून घेऊ या,” मी म्हटलं.

“कोणाकडून?”

“ते मला काय माहीत? शोधायला लागू.”

डब्यांच्या धंद्यात मी एक शिकले आहे. एका माणसाला विचारायचं, तो नाही म्हणाला तर त्याच्याकडून दुसऱ्याचा नंबर घेऊन मगच फोन ठेवायचा. तसंच केलं. दुपारी ओटा आवरला, की ताईंकडे जाऊन बसायचं आणि माझ्या मोबाइलवरून फोन लावायचे. निवृत्त सैनिकांच्या संघटना झाल्या, कचेऱ्या झाल्या. एका बाईनं मला विचारलं, मृत सैनिकाशी आपलं नातं काय? मी म्हटलं, डबेवाली. तिनं फोन ठेवून दिला. ताई खूप हसल्या. त्यांना इतकं हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

असं फिरत फिरत आम्ही बंगळुरूच्या एका गृहस्थांपर्यंत पोचलो. लढाईत गेलेल्या वैमानिकांची माहिती जमवायचा त्यांना नाद होता. त्यांनी दादांच्या तुकडीचा एक फोटो पाठवला. विमानापुढे उभे असलेले हसरे तरुण. दादा मधे होते. मी फोटो मोठा करून ताईंपुढे धरला. त्या दादांकडे बघत राहतील असं मला वाटलं होतं. पण त्यांचं बोट कडेच्या उंच माणसावर जाऊन थांबलं.

“हा मला बघायला आला होता.”

“कुठे?”

“इथेच. ह्याच खोलीत. आणि नापसंत करून गेला.”

मग त्यांनी ते सांगितलं. लढाईआधीच्या शेवटच्या सुट्टीत दादा आईला म्हणाले होते, माझा एक दोस्त आहे, आपल्यातलाच, हिच्यासाठी बघू या. लढाई संपल्यावर काही महिन्यांनी त्या दोस्ताचं वडिलांना पत्र आलं, भेटायला येतो. आईनं तेवढ्यावरून सगळं जुळवलं. दादाचा शब्द आहे, मुलगा स्वतःहून येतोय, मागोमाग दादाही येईलच. मावशीला बोलावून घेतलं. ताईंना मोरपंखी साडी नेसवली, हातात पोह्यांचा ट्रे दिला.

“तो माझ्याकडे बघेचना. दोन घास खाल्ले आणि डोळ्यांत हे एवढं पाणी. मावशी आत येऊन म्हणाली, मिरची जास्त पडली गं. मग बाबा त्याला गच्चीवर घेऊन गेले. तिथून तो खाली आला तो सरळ निघूनच गेला. बाबा म्हणाले, योग नाही. पुढे कितीतरी वर्षं मावशी प्रत्येकाला सांगायची, ह्या पोरीचं लग्न मिरचीनं मोडलं.”

“म्हणून तुम्ही लग्न केलं नाहीत?”

“छे गं. ते राहून गेलं. पण पोहे पुन्हा केले नाहीत.”

बंगळुरूच्या गृहस्थांनी त्या माणसाचा पत्ता काढून दिला. ते नाशिकला असतात, ऐंशीच्या घरातले. मी फोन लावला, स्पीकर चालू केला आणि मोबाइल टेबलावर ठेवला. ताईंनी आपलं नाव सांगितलं, दादांचं सांगितलं. 

“तुम्ही आमच्या घरी आला होतात,” ताई म्हणाल्या.

“हो. मोरपंखी साडी होती तुमची.”

“कशाला आला होतात?”

“सांगायला.”

त्या दिवशी दोन विमानं एकत्र गेली होती, दादांचं आणि ह्यांचं. खालून तोफांचा मारा झाला. दादांच्या विमानाला गोळा लागला. ते वळलं आणि सरळ खाली गेलं. हवाई छत्री उघडली नाही. ह्यांनी त्या माऱ्यात परत एक फेरी मारली, खाली नुसता जाळ होता.

“तुम्ही स्वतः पाहिलंत?”

“मी बाजूलाच होतो.”

त्यांनी अहवालात तसं लिहून दिलं होतं. पण दादांचे अवशेष मिळाले नव्हते, म्हणून तेव्हा कागदोपत्री ते बेपत्ताच राहिले. निदान घरच्यांना समोर बसून सांगावं, म्हणून ते अंबरनाथला आले. दार उघडलं तर घरात सणासारखी गडबड आणि मुलगी ट्रे घेऊन उभी. त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. वडिलांच्या मात्र ते लक्षात आलं. गच्चीवर त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, माझ्या बायकोला तुम्ही काही सांगू नका, मी सांगेन सावकाश.

“मी शब्द दिला त्यांना,” नाशिकचे गृहस्थ म्हणाले.

“बाबा गेले तेव्हा तो शब्द संपला. एक फोन करायचा होतात.”

“धाडस झालं नाही.”

“विमान चालवायचात ना तुम्ही?”

“ते सोपं होतं, ताई.”

फोन ठेवल्यावर मी चहा टाकायला उठले. ताई खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या.  चहा झाला, निवला.

“बाबांना माहीत होतं,” त्या म्हणाल्या. “आईबरोबर ते रोज पोस्टमनची वाट बघायचे. माहीत असून.” मग थोड्या वेळानं म्हणाल्या, “आईपुढे तोंड उघडायचं धैर्य मलाही झालं नसतं.” आणि कप उचलून, “म्हणजे मिरची बरोबर पडली होती.”

पितृपक्षात शस्त्रानं गेलेल्यांचं श्राद्ध चतुर्दशीला करतात. ताईंनी बदलापूरच्या गुरुजींना बोलावलं. गुरुजींनी पाट मांडता मांडता विचारलं, “घरात कोणी पुरुष?”

“एक होता. त्याचंच श्राद्ध आहे.”

गुरुजींनी दर्भ मुकाट्यानं ताईंच्या हातात दिला. स्वयंपाक मी केला होता. नाशिकचे गृहस्थ मुलाला घेऊन गाडीनं आले, काठी टेकत जिना चढले. ताईंनी तिलोदक सोडलं तेव्हा ते भिंतीला पाठ लावून ताठ उभे होते. कोणी खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ताईंनी कागदांवर सही केली. खालचे काका पेढे घेऊन वर आले. घर सोडताना ताईंनी दारावरची वडिलांच्या नावाची पाटी काढून पिशवीत टाकली आणि मला म्हणाल्या, चल, ऊन वाढेल. बदलापूरला भाड्याच्या फ्लॅटमध्ये त्यांनी दोन उन्हाळे काढले. माझा डबा तिकडेही जायचा.

गेल्या वर्षी त्यांना हॉस्पिटलात ठेवलं. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, बघू या. मी म्हटलं, बघू या नको, मला नीट सांगा. त्यांनी सांगितलं. मी आत जाऊन ताईंना तेच सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, “बरं” म्हणाल्या आणि चष्मा मागितला. पुढचे काही दिवस आम्ही पुष्कळ बोललो. काय बोललो ते माझ्यापाशी राहू दे.

त्या गेल्या त्या सकाळी मी पहिला फोन नाशिकला लावला. ‘तब्येत जरा जास्त आहे’ वगैरे काही न म्हणता सांगून टाकलं.



“जवळ कोण होतं?” त्यांनी विचारलं.

“मी होते.”

“मग ठीक आहे,” ते म्हणाले.