सासूबाईंची उशी आणि माझे नवे बुश

आता काय सांगू तुम्हाला! माणसाने जळावं, माझी काही हरकत नाही. पण कशावर जळतोय ते आधी कोणाला तरी विचारून घ्यावं. मी विचारलं नाही, सरळ गाडी खोलली. ओता चहा, सांगतो.

माझा साडू सिद्धार्थ. म्हणजे माझ्या बायकोच्या, वनिताच्या, थोरल्या बहिणीचा नवरा. रेल्वेत मालगाडीवर गार्ड आहे. शेवटच्या डब्यात एकटा बसून बसून हा माणूस बोलणंच विसरलाय. "कसं काय भाऊ?" विचारलं की "बरं" म्हणतो. झाल्या गप्पा! आणि मी भिलाईच्या कारखान्यात, रोलिंग मिलच्या मेंटेनन्सला. तिथे शेजारच्या माणसाला 'पाना दे' सांगायचं तरी बेंबीच्या देठापासून ओरडावं लागतं.

आमच्या दोघांच्या गाड्या अगदी सारख्या. तीच छोटी गाडी, तेच मॉडेल, रंग तेवढा वेगळा. मी माझी रोज ड्युटीला नेतो, तो त्याची रोज स्टेशनला. मग मला सांगा, एक-दोनदा माझ्या गाडीत बसून झाल्यावर आमच्या सासूबाई दर वेळी त्याच्याच गाडीत कशाला बसतात?

सासूबाई भिलाईजवळ उतईला राहतात. बोरसीला कोणाचं लग्न असो, नाहीतर डोंगरगडला प्रज्ञागिरीच्या डोंगरावर बुद्धमूर्तीच्या वंदनेला जायचं असो, बाई निघाल्या साडूच्या गाडीकडे. बरं, एवढ्यावर असतं तर मी गिळलंही असतं. पण त्याच्या मागच्या सीटवर सासूबाईंची एक उशी कायमची पडलेली असते. फुलाफुलांच्या अभ्र्याची! माझ्या गाडीत त्यांचा साधा रुमाल कधी विसरला नाही, आणि तिथे उशी? ती उशी दिसली की मला जेवण जात नसे.

एक दिवस वनिताला विचारलंच.

"आईले त्या गाडीत झोप लागते म्हणते," ती म्हणाली.

"अन् माझ्या गाडीत?"

"नाही लागत म्हणते."

"कावून?"

"मले काय माहीत! तुमची सासू हाये, तुम्हीच विचारा."

आता जावयाने सासूला जाऊन विचारायचं, की माझ्या गाडीत तुम्हाला झोप का लागत नाही? बरं दिसतं का ते? आणि विचारायचं कशाला? मी मेंटेनन्सचा माणूस. एवढ्या मोठ्या मिलचं दुखणं मी नुसत्या आवाजावरून ओळखतो! झोप लागत नाही, म्हणजे गाडी हादरते. गाडी हादरते, म्हणजे पुढचे बुश गेले.

बुश म्हणजे काय, ते सांगतो. पुढच्या चाकाला धरून ठेवणारा एक लोखंडी हात असतो. तो जिथे गाडीला जोडलेला असतो, त्या सांध्यात रबराची गोल गादी असते. तिला बुश म्हणतात. चाकाचा दणका ती खाते, म्हणून आपल्याला खावा लागत नाही. आलं ना लक्षात? नसेल तर परत सांगतो.

पण साडूच्या गाडीत कोणते बुश आहेत? ते कळल्याशिवाय मला चैन कसं पडणार? पुढच्या रविवारी सगळे उतईला जमलो होतो. आत जेवणाची पानं मांडत होते. मी हळूच बाहेर आलो, मोबाइलचा टॉर्च लावला आणि शिरलो साडूच्या गाडीखाली. बघतो तर काय, नवे कोरे काळेभोर रबरी बुश! गुपचूप बदलून घेतले होते पठ्ठ्याने. मला एका शब्दाने बोलला नव्हता.

तेवढ्यात कानाशी आवाज आला, "अगं वनिता, धाव! जवाईबापू गाडीखाली पडले!"

सासूबाई! हातात पाण्याचा तांब्या. मी दचकून उठायला गेलो आणि कपाळ गाडीच्या खाली आपटलं, म्हणजे वर आपटलं. सगळं घर अंगणात.

"चक्कर आली काय बापा? सकाळपासून काही खाल्लं नाही वाटते."

"नाही आई, ते... चप्पल शोधून राहिलो होतो."

"चपला तं पायात हायेत तुमच्या."

साडू दारात उभा होता. सगळं बघितलं आणि काहीच बोलला नाही! या माणसाचा मला राग येतो तो असा.

दुसऱ्याच दिवशी मी भिलाईतल्याच सुपेल्याच्या मिस्त्रीकडे गाडी उभी केली.

"रबरवाले लगा दूँ भैया?"

"रबर तो साडू की गाडी में है. उसके ऊपर क्या आता है?"

मिस्त्रीचे डोळे लकाकले. "उसके ऊपर पॉलीवाला आता है. रेसिंगवाले लगाते हैं भैया. एकदम पत्थर!"

पत्थर! अहो, इथेच माझे कान टवकारायला हवे होते. ज्या गादीवर सासूला झोपवायचं, ती दगडाची कोण घेतं? पण मला त्या वाक्यातलं एकच कळलं, 'उसके ऊपर'. म्हटलं, लाव!

संध्याकाळी गाडी घेऊन निघालो. टाउनशिपचे रस्ते गुळगुळीत. स्टिअरिंग असं सरळ, असं घट्ट, की मी मनातल्या मनात साडूला मागे टाकून पार पुढे गेलो होतो. मग आला पहिला ब्रेकर. देवा रे! दणका चाकातून निघाला तो थेट माझ्या दाढेत पोहोचला. दुसऱ्या ब्रेकरला माझं ड्युटीचं हेल्मेट मागच्या सीटवरून उडून पुढे आलं. आठवडाभरात अशी वेळ आली की रस्त्यावर कोणी विडीचं थोटूक टाकलेलं असेल, तर तेही मला कण्यात समजायचं. त्यात वळणावर पुढून 'कुईं कुईं' सुरू झालं.

"इंजिनात मांजर बसली काय?" वनिताने विचारलं.

"नवं आहे. रुळेल."

"ते रुळंपर्यंत माझी कंबर राहीन काय?"

पण मी कसला ऐकतो! डोंगरगडला जायचा दिवस आला. उतईच्या अंगणात दोन्ही गाड्या तयार. मी सगळ्यांसमोर जाहीर केलं, "या वर्षी आई माझ्या गाडीत बसणार!"

सासूबाईंनी साडूच्या गाडीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि पदर सावरला. "बसते बापा. जवाई म्हणते तं बसते."

जिंकलो! छाती अशी फुगली म्हणता! आणि तेवढ्यात साडू शांतपणे आला, माझ्या गाडीचं मागचं दार उघडलं आणि ती फुलाफुलांची उशी आत ठेवली. म्हणाला, "आईले लागते."

दोनच शब्द. पण माझ्या अंगाची आग आग झाली! म्हणजे सासूला काय लागतं ते तू मला सांगणार? माझ्या गाडीत? इतका राग आला, इतका राग आला, की मी ठरवलं, आज कोणाशी बोलायचंच नाही. तोंड शिवलं आणि निघालो.

दुर्ग गेलं, मी गप्प. वनिता दोनदा म्हणाली, "तब्येत बरी हाये ना तुमची?" मी गप्प. शिवनाथ नदीच्या पुलावर प्रत्येक जोडाला गाडी अशी दणदणली की वनिताने दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरला. म्हटलं, संपलं. आता सासूबाई गाडी थांबवायला सांगणार आणि मागून येणाऱ्या साडूच्या गाडीत जाऊन बसणार. भीत भीत आरशात बघितलं.

सासूबाई घोरत होत्या!

हो हो, घोरत होत्या. खड्डा आला की डोकं उशीवरून वीतभर उडायचं आणि परत उशीवर पडायचं, पण घोरण्याची लय तुटत नव्हती. राजनांदगाव गेलं, महामार्ग सोडून डोंगरगडच्या रस्त्याला लागलो, 'कुईं कुईं' वाजतंय, दणके बसतायत, आणि बाई गाढ झोपलेल्या. मला गहिवरून आलं. म्हटलं, याला म्हणतात बुश!

डोंगराच्या पायथ्याशी उतरलो. साडू ऐकू येईल इतक्या जवळ आला, तेव्हा मी तोंड उघडलं.

"आई, झोप लागली ना?"

"लागली बापा! अशी झोप कितीक दिवसांत नाही लागली."

"ऐकलं का भाऊ?" मी ओरडलो. चार अनोळखी माणसं वळून बघायला लागली. "बुश आहेत आई! तुमच्यासाठी नवे बुश टाकले. रेसिंगवाले!"

सासूबाईंनी माझ्याकडे असं बघितलं, जसं गाडीखाली सापडलो त्या दिवशी बघितलं होतं.

"ते बुश-फुश मले नाही समजत. गाडीनं तं आज हाडं खिळखिळी केली. पण आज तुम्ही रस्ताभर बोलले नाही ना बापा! एरवी तुमचं चालूच राहते. आता जवाई बोलून राहिले अन् सासू घोरून राहिली, बरं दिसते काय? म्हणून डोळे ताणून बसा लागते मले. सिद्धार्थ बोलत नाही, तं डुलकी लागते."

वनिता पदर तोंडावर धरून डोंगराच्या दिशेला वळली. आणि साडू? साडू हसला! स्वतःच्या लग्नात हसला नव्हता तो माणूस तिथे हसला.

मला वाईट वाटलं असेल असं वाटतं तुम्हाला? छे! मला आनंद झाला. म्हणजे औषध माझ्याजवळच होतं की! फक्त तोंड बंद ठेवायचं. गाडी खोलायचीसुद्धा गरज नव्हती. दर्शन घेऊन उतरताना मी पक्कं ठरवलं की आता ती उशी कायमची माझ्या गाडीत.

परत निघालो. सासूबाईंनी उशी लावली, डोळे मिटले. आणि माझ्या मनात आलं, हे त्यांना एकदा सांगून टाकलेलं बरं, म्हणजे त्या निर्धास्त होतील.

"आई, तुम्ही झोपा आता. मी अजिबात बोलणार नाही."

"बरं बापा."

"नाही, तुम्हाला वाटेल की हा कसला गप्प बसतो. पण मनावर घेतलं ना आई, की मी दिवस दिवस बोलत नाही. आमच्या मिलमध्ये एकदा काय झालं..."

ते मिलमध्ये काय झालं ते सांगून संपेपर्यंत राजनांदगाव आलं.

"जरा चहा घेऊ," सासूबाई म्हणाल्या. चहा घेतला. ग्लास खाली ठेवला, माझ्या गाडीतून उशी काढली, काखेत मारली आणि मुकाट्याने साडूच्या गाडीत जाऊन बसल्या.

मी वनिताकडे बघितलं. ती आपली पर्स काढत होती. "आईजवळ बसते मी. अन् माझी कंबरही दुखून राहिली."

साडूची गाडी शांतपणे पुढे निघून गेली. मागे मी, माझे रेसिंगवाले बुश आणि रिकाम्या सीट. शिवनाथच्या पुलाचा एकही जोड माझ्या पाठीतून सुटला नाही.

आणि खरं सांगू? तरी मी घरापर्यंत एकटाच बोलत आलो.